एका गावात तीन-तीन चर्चं : नॉर्फकमधल्या भटकंतीवरून

रानवाट

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडच्या पूर्वेला नॉर्फक काउंटीत राहतोय. डोंगर नाहीत, किल्ले फार नाहीत. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने शनिवार-रविवार करायचं काय? सायकल काढली आणि चर्चं बघायला लागलो. आता ते वेडच लागलंय म्हणा. या एका काउंटीत मध्ययुगात बांधलेली साडेसहाशेहून जास्त चर्चं आहेत. एवढ्याशा जागेत इतकी जुनी चर्चं जगात दुसरीकडे सापडणं कठीण. सपाट शेतांतून जाताना एका मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की पुढचे दोन-तीन मनोरे दिसतातच.

पण मला खरा प्रश्न पडला तो वेगळा. शे-दीडशे घरांचं गाव. मधोमध गारगोटीच्या दगडांचं जुनं चर्च, भोवती थडगी. शंभर पावलांवर लाल विटांची साधी, कौलारू इमारत, कपाळावर 'प्रिमिटिव्ह मेथडिस्ट' अशी कोरलेली अक्षरं. पलीकडच्या गल्लीत अजून एक चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, ते 'वेस्लियन'. बाजाराच्या गावात गेलात तर कॅथलिक चर्च वेगळं, क्वेकर नावाच्या पंथाचं सभागृह वेगळं. देव एक, बायबल एक, माणसं मूठभर. मग एवढ्या इमारती कशाला?

सुरुवातीला वाटलं की हा धर्मशास्त्राचा वाद असेल. थोडा आहेच. पण फिरत गेलो, दारावरचे फलक, थडग्यांवरची नावं वाचत गेलो, तेव्हा कळलं की जमीन कोणाची, पुढच्या बाकावर बसायचा मान कोणाचा आणि बोलायची मुभा कोणाला, याचाही हिशोब या भिंतींत आहे. त्यावर लिहावं म्हणून हा धागा. ज्यांनी पाहिलंय त्यांनी भर घालावी.

आधी 'पॅरिश'बद्दल. पॅरिश चर्च म्हणजे नुसतं गावातलं चर्च नव्हे. इंग्लंडची इंच न् इंच जमीन कुठल्या ना कुठल्या पॅरिशमध्ये मोडते. तुम्ही त्या हद्दीत राहता ना, मग धर्म कुठलाही असो, लग्न लावायला तुम्हाला त्या अँग्लिकन, म्हणजे सरकारमान्य 'चर्च ऑफ इंग्लंड'च्या, चर्चचा हक्क आहे. पूर्वी याची दुसरी बाजूही होती. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, मग तुम्ही तिथे जा किंवा जाऊ नका. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी १५३८ पासून तिथेच ठेवल्या जात. आपल्याकडे कुलकर्ण्याचं दप्तर आणि ग्रामदैवताचं देऊळ एकाच छपराखाली असतं तर कसं, तसं काहीसं.

कॅथलिकांचीही पॅरिश असते, पण ती मोठी, दहा-वीस गावं मिळून एक. कारण सुमारे अडीचशे वर्षं त्यांना उघडपणे चर्च बांधायचीच परवानगी नव्हती. ती मिळाली १७९१ साली. बाकीच्या पंथांना, म्हणजे जे प्रोटेस्टंट असूनही सरकारी चर्च मानत नव्हते त्यांना, १६८९ च्या कायद्याने स्वतःचं सभागृह बांधता येऊ लागलं. या तारखा लक्षात ठेवल्या तर इमारत कुठल्या पंथाची ते निम्मं दुरूनच ओळखता येतं.

पाणवठा

सुंदर विषय. गारगोटीची चर्चं का? चांगला दगड मिळत नाही का तिकडे?

रानवाट

नाही मिळत, तिथेच तर सगळं आहे. नॉर्फकच्या पोटात खडू आणि गारगोटी. इमारतीचा कोपरा धरायला घडवलेला दगड लागतो, तो एकतर शेजारच्या काउंट्यांतून नाहीतर समुद्रापार नॉर्मंडीतल्या काँ गावाहून बोटीने यायचा. नॉरिच या इथल्या मुख्य शहराचं कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं (वरिष्ठ धर्मगुरूचं) मोठं चर्च, १०९६ साली सुरू झालं, त्याला तो काँचा दगड परवडला. खेड्याला कुठून परवडणार? त्यांनी शेतातली गारगोटी गोळा करून चुन्यात बसवली. सव्वाशेच्या आसपास चर्चांचे मनोरे इथे चक्क गोल आहेत. गोल मनोऱ्याला कोपराच नाही, म्हणून दगडही नको, असं इथली माणसं सांगतात. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही, पण त्या मनोऱ्याला हात लावून उभं राहिलं की ते पटतं.

नंतर लोकरीचा पैसा आला. 'वर्स्टेड' कापड माहीत असेल, सुटाचं. ते नाव वर्स्टेड या इथल्या गावावरून पडलं. गाव आज चिमुकलं, पण १३७९ साली बांधायला घेतलेलं त्याचं चर्च बघाल तर एखाद्या शहराचं वाटेल.

आगाशीकर

मी वसईचा, कॅथलिक. आमच्या घरी अजूनही चर्चला देऊळच म्हणतात आणि पॅरिशला धर्मग्राम. एक गोष्ट सरळ विचारतो. ही साडेसहाशे मध्ययुगीन चर्चं बांधली तेव्हा कॅथलिकच होती ना? मग आज ती अँग्लिकन कशी? आमची माणसं तिथे गेली की त्यांना हे बघून वाईट वाटतं. माझ्या मावशीने तर एका चर्चमध्ये रिकामा कोनाडा पाहून गुडघे टेकले होते, मूर्ती नसताना.

रानवाट

आगाशीकर, प्रश्न अगदी रास्त आहे. मावशींचं वाचून गलबलून आलं.

हो, ती सगळी रोमशी जोडलेलीच होती. आठव्या हेन्रीने १५३४ साली पोपशी नातं तोडलं, पुढच्या काही वर्षांत मठ बंद केले. १५४९ साली लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, जाऊन इंग्रजी प्रार्थनापुस्तक आलं. इमारत तीच, गाव तेच, पुष्कळदा धर्मगुरूही तोच. भिंतींवरच्या चित्रांना चुना फासला, मूर्ती फोडल्या, संतांचे चेहरे खरवडले.

याचं मी पाहिलेलं सगळ्यात बोलकं ठिकाण म्हणजे बिनमची प्रायरी. मठ पडलाय, पण मठाच्या चर्चचा मधला भाग गावाचं पॅरिश चर्च म्हणून उरला. तिथे जुन्या लाकडी पडद्याच्या काही फळ्या ठेवल्या आहेत. पूर्वी वेदी आणि लोक यांच्यामध्ये असा कोरीव पडदा असायचा, त्यावर संतांची चित्रं. बिनममध्ये त्या चित्रांवर पांढरा रंग दिला आणि वर काळ्या अक्षरांत इंग्रजी बायबलमधली वचनं लिहिली. पाचशे वर्षांत तो पांढरा रंग झिजत गेला. आता काय दिसतं माहितीये? ओळीच्या मधूनच एक डोळा बघतो. अक्षरांच्या मागून सोनेरी प्रभावळ, लाल झग्याची कड. वचनही वाचता येतं आणि संतही दिसतो. मी तिथे गुडघ्यावर बसून अर्धा तास बघत होतो, कारण फळ्या अगदी खालच्या उंचीला आहेत. अँग्लिकन आणि कॅथलिक यांच्यातला सगळा इतिहास त्या एका फळीवर आहे, आणि कुठलीच बाजू पूर्ण पुसली गेलेली नाही.

आगाशीकर

धन्यवाद. मावशीला वाचून दाखवतो.

मग त्या काळात जे कॅथलिकच राहिले त्यांचं काय झालं?

रानवाट

दंड भरले, लपून राहिले. ऑक्सबरा हॉल हा १४८२ चा वाडा आहे, बेडिंगफेल्ड घराण्याचा. घराणं शेवटपर्यंत कॅथलिक राहिलं. वाड्यात फरशीखाली धर्मगुरूला लपवायची खोली आहे. पूर्वी आत उतरता यायचं. भोक एवढंसं, की आधी पाय घालून मग कंबर वळवावी लागते. वर फरशीचा जाड झाकणासारखा तुकडा. आत एक माणूस जेमतेम बसेल. मिस्सा म्हणायला आलेल्या माणसाने शिपाई घर धुंडाळत असताना तिथे श्वास रोखून बसायचं. पुढे बंदी उठल्यावर त्याच घराण्याने वाड्याच्या आवारात उघडपणे चॅपल बांधलं.

आणि नॉरिचमध्ये कॅथलिकांनी १८८२ ते १९१० या काळात जे चर्च बांधलं ते बघाच. जुन्या तुरुंगाच्या जागेवर, टेकाडावर, अख्ख्या शहराला दिसेल असं. खर्च नॉर्फकच्या ड्यूकने केला. १९७६ पासून ते कॅथीड्रल आहे. त्यामुळे एका शहरात आता दोन कॅथीड्रल आहेत.

नगरी_मिरी

इथे मला राहवत नाही. माझे पणजोबा अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाचे. घरात बिशप हा शब्दच नव्हता, कारण त्या पंथात मंडळी स्वतःच स्वतःचा कारभार करते. १९७० साली सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली, अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट आणि आणखी काही मंडळ्या एकत्र आल्या, आणि आम्हाला बिशप मिळाला. आजोबांना ते शेवटपर्यंत अंगवळणी पडलं नाही. गाणी मात्र तीच, रेव्हरंड टिळकांची, टाळांच्या साथीवर. तर माझा प्रश्न असा, की काँग्रिगेशनल लोकांची मूळ सभागृहं नॉर्फकमध्ये आहेत का?

रानवाट

आहेत, आणि काय देखणी आहेत! नॉरिचला कोलगेट नावाचा रस्ता आहे. तिथलं 'ओल्ड मीटिंग हाऊस' १६९३ चं, काँग्रिगेशनल. १६८९ चा तो सहिष्णुतेचा कायदा होऊन चार वर्षं झाली नाहीत तोवर लोकांनी ते उभं केलं. मनोरा नाही, घंटा नाही. विटांची इमारत, उंच खिडक्या, समोरच्या भिंतीवर सूर्यघड्याळ. आत वेदीऐवजी प्रवचनाचं व्यासपीठ मुख्य आणि तिन्ही बाजूंनी सज्जे, म्हणजे बसलेल्या प्रत्येकाला बोलणारा दिसला पाहिजे आणि त्याचा शब्द ऐकू आला पाहिजे.

त्याच्याच शेजारी 'ऑक्टॅगन चॅपल', १७५६ सालचं, अष्टकोनी. आधी प्रेस्बिटेरियन, पुढे युनिटेरियन, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैक्य न मानणारे. जॉन वेस्लीने ते पाहिलं आणि अख्ख्या युरोपात इतकं नेटकं सभागृह बहुधा नसेल असं लिहून ठेवलं. पण पुढे हेही म्हटलं, की इतक्या नटलेल्या जागेत जुनं, ओबडधोबड शुभवर्तमान शिरेल कसं! वेस्ली मेथडिस्टांचा मूळ पुरुष, त्याला ते खटकणारच.

इंग्लंडमधल्या बहुतेक काँग्रिगेशनल मंडळ्या १९७२ साली प्रेस्बिटेरियनांबरोबर एक झाल्या. तुमच्याकडे १९७०, इथे १९७२. आजोबांसारखी माणसं इथेही असणार.

तिसरा_प्रहर

ते दोन-दोन मेथडिस्ट चॅपलचं कोडं राहिलं की.

रानवाट

त्याचीच वाट बघत होतो, मला सगळ्यात जिव्हाळ्याचं तेच आहे.

वेस्ली १७९१ साली गेला आणि त्याचे अनुयायी चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळे झाले. नंतर त्यांच्यातही फूट पडली. वेस्लियन मंडळी हळूहळू दुकानदार, बऱ्यापैकी शेतकरी यांची झाली. गरीब मजुरांना उघड्या माळावरच्या प्रार्थना हव्या होत्या, मोठ्याने गायचं होतं, आपल्यातल्याच माणसाने उठून बोलावं असं वाटत होतं. त्यांचे प्रिमिटिव्ह मेथडिस्ट. हा पंथ निघाला स्टॅफर्डशरच्या बाजूला १८०७ नंतर, पण नॉर्फकच्या शेतमजुरांनी तो उराशी धरला. सुरुवातीच्या काळात त्यांच्यात बायकाही प्रवचन करत. १९३२ साली हे सगळे मेथडिस्ट एकत्र आले आणि एकेका गावात दोन-दोन चॅपल जास्तीची झाली.

आता पॅरिश चर्चमध्ये तेव्हा काय होतं? जमीनदाराचं बाक पुढे, पेटीसारखं दार लावलेलं. मजूर मागे. पाळक जमीनदाराच्या मर्जीतला, कित्येकदा त्याचा नातेवाईक. चॅपलमध्ये मात्र तोच मजूर रविवारी व्यासपीठावर चढायचा.

जॉर्ज एडवर्ड्सची गोष्ट सांगतो. जन्म १८५०, मार्शम गावी. घरात खायला नाही म्हणून बापाने शेतातले सलगम आणले, तर त्याला तुरुंगात टाकलं आणि बायकापोरांची रवानगी अनाथ-निराधारांच्या सरकारी घरात. जॉर्ज सहाव्या वर्षी शेतावर पाखरं राखायला लागला. शाळा नाही, अक्षरओळख नाही. मोठेपणी प्रिमिटिव्ह मेथडिस्ट झाला, प्रवचन करायचं ठरलं, पण वाचता कुठे येतंय? त्याच्या बायकोने, शार्लटने, त्याला संध्याकाळी बसवून वाचायला शिकवलं. सुरुवातीची स्तोत्रं आणि बायबलचा उतारा त्याने तिच्याकडून ऐकून पाठ केला आणि पुस्तक हातात धरून म्हटला. पुढे या माणसाने १९०६ साली शेतमजुरांची संघटना उभी केली आणि १९२० साली दक्षिण नॉर्फकमधून पार्लमेंटात निवडून गेला. सभेत बोलायचं कसं, ठराव मांडायचा कसा, वर्गणीचा हिशोब ठेवायचा कसा, हे या माणसांना चॅपलने शिकवलं.

म्हणून ती लाल विटांची इमारत दिसली की मी थांबतोच. आता तिथे कोणाचं तरी घर असतं, खिडकीत कुंड्या असतात. तरी थांबतो.

पाणवठा

शार्लटबद्दल वाचून सावित्रीबाईंचीच आठवण झाली, फक्त इथे शिकवणारी आणि शिकणारा यांची अदलाबदल.

बर्स्टनच्या शाळेचा संपही याच भागातला ना?

रानवाट

हो, दक्षिण नॉर्फक. १ एप्रिल १९१४ ला बर्स्टनची मुलं शाळेतून बाहेर पडली, कारण टॉम आणि ॲनी हिग्डन या शिक्षक दांपत्याला काढून टाकलं होतं. शाळेच्या कारभारात पॅरिशचा रेक्टर, म्हणजे पाळक, होता. मुलांनी हिरवळीवरच दुसरी शाळा भरवली, पुढे वर्गणीतून इमारत झाली आणि ती १९३९ पर्यंत चालली. चर्चच्या जमिनी कसणाऱ्या संपकऱ्यांना रेक्टरने जमिनीवरून काढलं. दर रविवारी हिरवळीवर मेथडिस्ट पद्धतीची प्रार्थना व्हायची. ती शाळेची इमारत अजून उभी आहे, पॅरिश चर्चच्या अगदी जवळ.

घंटानाद

घंटांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मी इथे चार वर्षं घंटा वाजवायला शिकतोय. इंग्लंडमध्ये घंटेवर सूर वाजवत नाहीत, क्रम बदलत वाजवतात. एकेका घंटेला एकेक माणूस, दोर धरून. घंटा पूर्ण गोल फिरते, त्यामुळे तिला मध्येच थांबवता येत नाही, नुसतं किंचित आधी किंवा नंतर पाडता येतं. सात घंटांचे क्रम होतात ५०४०. ते सगळे, एकही परत न येता, पहिल्यांदा अचूक वाजवल्याची नोंद आहे नॉरिचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमधली, २ मे १७१५ ची. तीन तासांहून जास्त वेळ, कागद न बघता. दोराचा जो लोकरीचा भाग हातात धरतात त्याला 'सॅली' म्हणतात. पहिले दोन महिने तळव्यांची सालं निघाली.

पुणेकरांसाठी: गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या होली नेम चर्चच्या मनोऱ्यात अशाच इंग्लिश पद्धतीने टांगलेल्या आठ घंटा आहेत. तेच पंचहौद, जिथल्या मिशनमध्ये १८९० साली टिळक-रानडे चहा प्यायले आणि प्रायश्चित्ताचं प्रकरण गाजलं.

तिसरा_प्रहर

पंचहौदला इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर्स होत्या, आणि त्यांच्यामुळेच पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा वाँटेजला झाला. तेव्हा ते बार्कशरमध्ये होतं, आता ऑक्सफर्डशरमध्ये. रानवाट यांच्या पहिल्या प्रश्नाशी रमाबाई तिथेच जाऊन अडल्या होत्या. इतके पंथ, प्रत्येकाचा बायबलमधूनच आधार, यातलं खरं कुठलं मानायचं? त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की या गोंधळाने त्या चक्रावून गेल्या. तिथल्याच सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. मी कुठल्या एका पंथाची हे त्या शेवटपर्यंत सांगायला तयार नव्हत्या.

रानवाट

तिसरा_प्रहर, हे फार मोलाचं लिहिलंत. पुढच्या महिन्यात वाँटेजला जाऊन येतो.

आगाशीकर, मावशींसाठी एक सांगायचं राहिलं, वॉल्सिंगम. १०६१ सालापासूनची मरियेच्या दर्शनाची जागा, असं परंपरा सांगते. १५३८ साली इथली मूर्ती नेऊन जाळली. गावाबाहेर मैलभरावर स्लिपर चॅपल आहे. यात्रेकरू तिथे जोडे काढून शेवटचा मैल अनवाणी जायचे. नंतर शेकडो वर्षं त्या चॅपलचा गोठा, गोदाम असा वापर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शार्लट बॉइड नावाच्या बाईंनी ते विकत घेतलं आणि १९३४ पासून ते कॅथलिकांचं राष्ट्रीय तीर्थ आहे. गावात अँग्लिकनांचं वेगळं तीर्थ, होप पॅटन या पाळकाने सुरू केलेलं. १७९४ चं मेथडिस्ट चॅपल, अजून वापरात. आणि रेल्वे बंद पडल्यावर जुन्या स्टेशनात ऑर्थोडॉक्स लोकांनी चॅपल केलं, छपरावर छोटासा कांद्यासारखा घुमट बसवला. आत प्रतिमा, मेणबत्त्या, बाहेर फलाट. उन्हाळ्यात इथे सीरो-मलबार या केरळी कॅथलिक पंथाच्या मंडळींची आणि तमिळांची मोठी यात्रा भरते. साड्या नेसलेल्या बायका, छत्र्या, डबे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सायकल बाजूला लावून नुसता उभा राहिलो. जेजुरीच्या रस्त्यावर असल्यासारखं वाटलं.

पाणवठा

आता चर्चला जाणारे फारसे नाहीत म्हणतात. मग एवढ्या इमारती सांभाळतं कोण?

रानवाट

हाच घोर आहे. सरकार पॅरिश चर्च चालवत नाही, गावच चालवतं. दहा-बारा म्हातारी माणसं, आणि छपराचं शिसं चोरीला गेलं की लाखोंचा खर्च. वटवाघळं असली तर कायद्याने त्यांना हात लावता येत नाही, रोज सकाळी कोणीतरी बाकांवरची लेंडकी झाडतं. नॉरिचमध्ये एकतीस मध्ययुगीन पॅरिश चर्चं उभी आहेत. त्यांतल्या एकात कठपुतळ्यांचं नाट्यगृह आहे. मला ते आवडतं, छप्पर तर राहिलं.

हॉटन-ऑन-द-हिल हे चर्च वेलींनी पार झाकलं होतं, छप्पर गेलेलं, आत नको ते प्रकार चालायचे. १९९२ साली एका बाईंना ते फिरताना सापडलं. त्यांचे पती बॉब डेव्ही यांनी ते साफ करायला घेतलं, तेही निवृत्तीच्या वयात. वर्षानुवर्षं रोज. गिलावा सुटला आणि खाली अकराव्या शतकाच्या अखेरची भित्तिचित्रं निघाली, इंग्लंडमधल्या सगळ्यात जुन्यांपैकी.

नगरी_मिरी

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन येतेय. चर्चं उघडी असतात का? आईला वाटतं, आपण असं सरळ आत कसं शिरायचं.

रानवाट

आईंना सांगा, खुशाल शिरायचं. बहुतेक पॅरिश चर्चं दिवसा उघडी असतात, आत चिटपाखरूही नसतं. चॅपल मात्र रविवारखेरीज बंद, तिथे आधी विचारून जा.

दाराला लोखंडी कडी असेल, ती उजवीकडे फिरवायची, आतला अडसर उचलल्याचा आवाज येतो. मग खांद्याने रेटा, दारं जड असतात. पडवीला जाळीचं आणखी एक दार असलं तर ते आधी उघडायचं आणि पाठीमागे आठवणीने लावायचं. पाकोळ्या पडवीतून आत शिरतात आणि बंद चर्चमध्ये अडकून मरतात, म्हणून तशी चिठ्ठी लिहून ठेवलेली असते. आत वही असते, तिच्यात नाव-गाव लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल, मी लिहितो.